बाकी दोन

"शंभरातून सात वजा करा, आजोबा. जे उरेल त्यातून परत सात. असं करत जा."

फेब्रुवारी २०२०, मिरज. टेबलापलीकडं पंचविशीतली मुलगी, हातात कागद लावलेली पाटी. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मान किंचित तिरकी केली, तिच्या तोंडाकडं न बघता खांद्यापलीकडं कुठंतरी बघितलं आणि सुरू झाले. त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी. बाहत्तर. पासष्ट. इथवर आलं की पाचपैकी पाच गुण मिळतात आणि बुद्धी-स्मरणाची ही परीक्षा पुढं सरकते. मुलगी "बास, बास" म्हणाली. पण सांगलीच्या वखारभागात हळदीच्या अडत दुकानात ४१ वर्षं दिवाणजी राहिलेला माणूस हिशेब मधेच टाकून उठत नसतो. अठ्ठावन्न, एक्कावन्न, चव्वेचाळीस, सदतीस, तीस, तेवीस, सोळा, नऊ. अडखळणं नाही, बोटं मोजणं नाही. शेवटी शेतकऱ्याच्या हातात हिशेबाची पट्टी फाडून द्यावी तशा सुरात म्हणाले, "बाकी दोन."

(त्या रात्री मी स्वतः करून बघितलं. अठ्ठावन्नला अडकले. मी बँकेतून निवृत्त झालेली बाई आहे, हे खरं तर इथं सांगायला नको होतं.)

मग तिनं एक कार्ड पुढं केलं. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'डोळे मिटा'. वाचायचं आणि तसं करायचं. नानांनी कार्ड जवळ नेलं, लांब धरलं, खिडकीच्या उजेडाकडं फिरवलं. "काय लिहिलंय बाळ ह्यात?" शून्य. पुढच्या कागदावर एकमेकांत घुसलेले दोन पंचकोन होते, तसेच खाली काढायचे. नानांनी रेघ ओढली ती कागदावरून उतरून टेबलावर गेली. शून्य. तारीख चुकली, वार चुकला, महिना बरोबर. ३० पैकी १८.

मी मनात त्या १८ चं भाषांतर केव्हाच करून टाकलं होतं: डिमेन्शिया, म्हातारपणी स्मरण आणि बुद्धी झिजत जाण्याचा आजार. गेले काही महिने दुसरं काही वाचतच नव्हते. तेवढ्यात त्या मुलीनं पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "ताई, ह्यांचे डोळे शेवटचे कधी तपासलेत?"

मला आठवेना.

---

आठवेना म्हणजे काय, आई गेली त्याच्या आधीची गोष्ट. आई २०१४ ला गेली. त्यानंतर नाना सांगलीच्या गावभागातल्या जुन्या वाड्यात एकटेच राहायचे, मी विश्रामबागला, भाऊ पुण्यात. रोज डबा जायचा, रविवारी मी जायची. नाना व्यवस्थित असायचे. सकाळी गणपतीला जाऊन यायचे, दुपारी ओसरीवर बसायचे. पेपर वाचायचं कधी बंद झालं ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "त्यात काय असतंय वाचण्यासारखं?" ह्यावर कोण वाद घालणार!

वाडा त्यांना पाठ होता, हे आता कळतंय. दिंडी दरवाजाचा उंबरा, मग सात पावलं, डाव्या हाताला तुळस, उजवीकडं न्हाणीघर, जिन्याची तिसरी पायरी झिजलेली. ८१ वर्षांत तो वाडा पायांत उतरला होता, डोळ्यांचं काम उरलंच नव्हतं. डोळे हळूहळू सुट्टीवर गेले आणि घरानं ते कुणाला कळू दिलं नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आली. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. २००५ चा पूर ५३ च्या घरात थांबला होता आणि जुनी माणसं त्याच हिशेबानं निवांत बसली होती, नाना त्यातलेच. तिसऱ्या दिवशी त्यांना होडीतून काढलं. कमरेला धोतर, काखेत विष्णुसहस्रनामाची पोथी. ती त्यांना वाचता येत नव्हती हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पाठच होती.

आमच्या फ्लॅटवर आले आणि आठवडाभरात 'तसं' दिसायला लागलं. गुळगुळीत चकाकणाऱ्या फरशीवर पाय टाकायला घाबरायचे, पाणी समजून. बेसिनचा नळ सापडायचा नाही. पांढऱ्या टाइल्सच्या संडासात पांढरं भांडं. ते कुठं आहे हे न कळून एकदा बाल्कनीतच मोकळे झाले. माझ्या जावेला त्यांनी माझ्या नावानं हाक मारली. चहाचा कप ठेवला तो टेबलाच्या कडेबाहेर, हवेत. "आज कोण वार?" दिवसातून चारदा. ताटातला भात तसाच उरलेला, आणि वर "भात वाढलाच नाहीस की!" हे म्हणायला मोकळे.

मी ही सगळी यादी एका वहीत लिहीत होते. बँकेची सवय. तारीख, वेळ, घटना. ती वही घेऊन एका डॉक्टरांकडं गेले. त्यांनी वही चाळली, नानांना पंतप्रधानांचं नाव विचारलं, मला म्हणाले, "वयोमानानं होतंच हे," आणि स्मरणशक्तीची गोळी लिहून दिली. डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं नाही. त्यांच्यावर फार चिडायचा मला हक्क नाही. मी रोज त्याच डोळ्यांसमोर ताट ठेवत होते. पुण्याहून भाऊ फोनवर, "ताई, एखादं होम बघूया का, तुझ्यानं किती होणार?" शेजारच्या काकू म्हणाल्या, "एकदा नरसोबाच्या वाडीला नेऊन आणा." प्रत्येकाकडं उत्तर तयार होतं. माझ्याकडं तर वहीच होती.

---

ती ३० गुणांची चाचणी १९७५ साली अमेरिकेत मार्शल आणि सुझन फोलस्टीन व पॉल मॅकह्यू यांनी तयार केली. खाटेशेजारी बसून पाच-दहा मिनिटांत घेता येते, म्हणून जगभर रुळली. आपल्याकडं तिची मराठी-हिंदी रूपं चालतात. वाईट चाचणी नव्हे. पण एकदा दिवाणजीच्या नजरेनं तिचे गुण मोजा. वस्तू दाखवून नाव विचारणं: २. वाचून तसं करणं: १. वाक्य लिहिणं: १. पंचकोन: १. कागद हातात घ्या, घडी घाला, खाली ठेवा: ३. म्हणजे ८ गुण असे, की ज्यात डोळ्यांची गरज पडते. आणि तारीख-वार? भिंतीवरचं कालनिर्णय ज्याला कोऱ्या भिंतीसारखं दिसतं, पेपर ज्याचा सुटलाय, त्यानं आज कोण वार हे कुठून सांगावं? बुद्धी शाबूत असली तरी खबर आत यायला दार हवं.

हे लक्षात आल्यावर मला आधी प्रचंड हायसं वाटलं आणि मग राग आला. राग कुणाचा ते नीट सांगता येत नाही.

दुसऱ्याच दिवशी मिरजेत डोळे तपासले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा पूर्ण पिकलेला. डाव्यात त्याच्यामागं काचबिंदू लपलेला, आणि त्यानं डाव्या डोळ्याची नस बरीचशी खाल्लेली. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातल्या भिंगात साचलेला धुरळा, भिंग बदललं की काम झालं. काचबिंदू वेगळा, त्यात गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखायची असते. डॉक्टरीणबाई नानांना म्हणाल्या, "आजोबा, इतके दिवस काढलेत कसे?" नाना म्हणाले, "अंदाजानं."

ऑपरेशन मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ठरलं. मार्च २०२०. पुढचं सांगायला नको. तातडीची नाहीत ती सगळी ऑपरेशनं थांबली आणि मोतीबिंदू कुणाच्याच तातडीत बसत नाही. आम्ही डिसेंबरपर्यंत थांबलो. नऊ महिने.

---

त्या नऊ महिन्यांतली एक संध्याकाळ. जून असेल, पावसानं अंधारून आलेलं, लाइट गेलेली. नाना मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "ती माणसं आज पण आल्यात."

माझ्या पोटात खड्डा पडला. कोण माणसं? तर फेटेवाले, बुटकी, ओळीनं मांडी घालून बसलेली. सौद्याला बसावीत तशी. कधीकधी त्यांच्यामागं पोरंही असतात, नक्षीच्या झबल्यातली. बोलत नाहीत. काही मागत नाहीत. थोड्या वेळानं जातात.

"कधीपासून?"

"झालं की वर्षभर. सांगितलं असतं तर तुम्ही वेड्यात काढलं असतं."

मग ते जे म्हणाले ते मी त्याच वहीत लिहून ठेवलंय. "ती खरी नव्हंत, ठाऊक आहे मला. तू माझी लेक, हातभर अंतरावर बसलीस, तरी धूसर दिसतीस. आणि ती बेनी लख्ख दिसतात, फेट्याचा पीळ न् पीळ. माझ्या ह्या डोळ्यांना लख्ख दिसतंय म्हणजे ते खोटंच."

ज्या माणसाला आम्ही भ्रमिष्ट समजत होतो त्यानं स्वतःच्या भ्रमाचा असा ताळेबंद मांडून ठेवला होता. मी मात्र त्याच आठवड्यात वहीत 'वागण्यात संशयीपणा' असं लिहिलं होतं, कारण ते हवेत हात फिरवून काहीतरी चाचपताना दिसले होते. चाचपत होते ते खात्री करायला.

पुढं वाचताना कळलं की ह्या प्रकाराला नाव आहे. १७६० साली जिनिव्हाच्या शार्ल बोने नावाच्या निसर्गअभ्यासकानं आपल्या आजोबांची हकिगत लिहून ठेवली. आजोबा शार्ल ल्युलँ, नव्वदीकडं झुकलेले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डोकं ठणठणीत. त्यांना समोर माणसं, पक्षी, गाड्या, इमारती दिसायच्या, आणि त्या खऱ्या नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक असायचं. आज त्याला बोने यांचंच नाव आहे. डोळ्यांकडून येणारा मजकूर आटला की मेंदूचा बघण्याचा भाग रिकामा बसत नाही, आपल्याजवळचंच काहीतरी छापायला लागतो. पाय कापलेल्या माणसाला नसलेल्या पायाची कळ लागते, त्याच्याच जवळपासचं हे. नानांच्या मेंदूनं फेटे छापले. जिनिव्हातल्या आजोबांच्या मेंदूनं गाड्या. ज्याचं त्याचं दुकान.

मी नानांना हे वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्याच्या नातवानं लिहून तरी ठेवलं."

---

आमच्या आजीचं, म्हणजे नानांच्या आईचं, डोळ्याचं ऑपरेशन साठच्या दशकात मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात झालं होतं. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेलं ते हॉस्पिटल. सगळा दक्षिण महाराष्ट्र आणि अर्धा कर्नाटक तिथं उपचाराला यायचा. तेव्हा डोळ्यात भिंग बसवत नसत. हॅरोल्ड रिडली यांनी लंडनमध्ये १९४९ साली पहिलं भिंग बसवलं होतं, पण ते मिरजेपर्यंत यायला अजून पुष्कळ अवकाश होता. खराब भिंग काढून टाकायचं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून कित्येक दिवस उताणं झोपवायचं, आणि नंतर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा. नाना सांगायचे, आजी त्या चष्म्यातून बघायची तेव्हा तिचे डोळे बशीएवढे दिसायचे आणि घरातली पोरं पळून जायची. म्हणून नाना डोळ्यांबद्दल कधी बोललेच नसतील का? वाळूच्या पिशव्यांची धास्ती? विचारलं तर नाही म्हणाले. पण ते सगळ्यालाच आधी नाही म्हणतात.

त्यांचं स्वतःचं झालं ते वीस मिनिटांत. संध्याकाळी घरी, दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली.

पहिली गोष्ट बोलले ती आईच्या फोटोकडं बघून. "हिचं लुगडं निळं होतं होय!" आईची ती इरकल निळीच होती, कायम. म्हाताऱ्या भिंगातली प्रथिनं गोळा होतात, भिंग आधी पिवळट आणि मग चहासारखं तपकिरी होत जातं, आणि निळा उजेड तिथंच अडतो. निळं ते हिरवट-करडं दिसायला लागतं. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात, ते खरं असो नसो, मोतीबिंदूवाल्याला ते खरोखरच तसं दिसतं. राजापुरी हळदीचा रंग नुसत्या नजरेनं जोखणारा माणूस शेवटची कितीतरी वर्षं सगळं जगच हळदीत बुडवून बघत होता. "म्हणजे नोकरीच्या शेवटी शेवटी मी माल बघून सांगायचो ते चुकायचं काय रे?" हा प्रश्न त्यांनी जावयाला विचारला, मला नाही. ह्यांनी उत्तर दिलं, "हळकुंड मोडून बघायचात ना तुम्ही? मग झालं तर." हे कधी नव्हे ते योग्य बोलले.

फेटेवाले आठ-दहा दिवसांत येईनासे झाले. रात्रीची झोप सुधारली. डोळ्याच्या पडद्यात अशा काही पेशी असतात की ज्यांचा चित्र दिसण्याशी फारसा संबंध नसतो. त्या निळसर उजेड मोजतात आणि मेंदूतल्या घड्याळाला दिवस आहे की रात्र ते कळवतात. ह्यांचा शोध या शतकाच्या सुरुवातीचा. भिंग बदलल्यावर तो निळा उजेड पुन्हा आत पोचतो. नानांची झोप त्यामुळंच सुधारली असं मी शपथेवर सांगणार नाही. आता कुणी येऊन बसत नाही म्हणूनही माणूस शांत झोपू शकतो.

वार विचारणं थांबलं. पेपर परत सुरू झाला, तो मागच्या पानावरच्या बाजारभावापासून. जावेला जावेच्या नावानं हाक. भात मात्र अजून उरायचा. ह्याचा उलगडा झाला तो गौरीच्या जेवणाला. केळीच्या पानावर वाढलं होतं आणि नानांनी भात पुसून खाल्ला, परत मागितला. पांढरा भात चकाकत्या स्टीलच्या ताटात एकाच डोळ्यानं शोधणं आणि तोच हिरव्यागार पानावर दिसणं, ह्यात जमीन-अस्मानाचा फरक. बॉस्टनमध्ये अल्झायमरच्या प्रगत अवस्थेतल्या नऊ जणांवर असाच प्रयोग झाला होता. २००४ साली तो छापून आला. पांढऱ्याऐवजी भडक रंगाची भांडी दिल्यावर त्यांचं खाणं २५ टक्क्यांनी आणि पिणं ८४ टक्क्यांनी वाढलं. आम्ही बाजारात जाऊन गडद हिरवं मेलामाइनचं ताट आणलं. साठ रुपये.

---

इथं थांबले असते तर गोष्ट छान झाली असती. नाना वेडे नव्हतेच, फक्त दिसत नव्हतं, आम्ही गाढव. वर्षभर मी ही गोष्ट सगळ्यांना सांगत फिरले. भिशीत, लग्नात, बँकेच्या निवृत्तांच्या मेळाव्यात. डिसेंबर २०२१ मध्ये तर मला पुरावाच मिळाला. अमेरिकेत सिॲटलच्या परिसरात १९९४ पासून वृद्धांचा एक दीर्घ अभ्यास चालू आहे. त्यातल्या मोतीबिंदू किंवा काचबिंदू असलेल्या ६५ वर्षांवरच्या ३,०३८ जणांचा हिशेब मांडला, तेव्हा ज्यांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं त्यांना डिमेन्शिया होण्याचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी निघाला. कुणीही म्हणेल की ऑपरेशनला जाणारी माणसं मुळातच धडधाकट असतील. म्हणून त्यांनी काचबिंदूच्या ऑपरेशनचाही हिशेब मांडला. तिथं फरक दिसला नाही. बरोबरच आहे, त्या ऑपरेशननं नजर वाढत नाही. मी हा मजकूर मोबाईलवर सगळ्या ग्रुपांत टाकला. भावालाही.

मग खुद्द नानांनीच माझ्या गोष्टीला बोटं लावायला सुरुवात केली. २०२२ च्या दिवाळीत नानांनी औषधाची बाटली फ्रिजमध्ये ठेवायच्या ऐवजी देवघरात ठेवली. डाव्या डोळ्यात सकाळ-रात्र थेंब घालायचे असतात. रात्रीचे थेंब घालून झाले की अर्ध्या तासानं परत डोकं मागं करून बसायचे. हरिपूरच्या पेवांची, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांची, गोष्ट (पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आधी कंदील सोडून बघायचा) एका बैठकीत तीनदा. आता उजवा डोळा स्वच्छ होता. वार माहीत होता. घर चकाकत नव्हतं, मी सतरंज्या घातल्या होत्या. कारण सांगायला काही उरलं नव्हतं.

तेव्हा मी पहिल्यांदा दुसऱ्या बाजूचं वाचलं. १९९४ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी ७० ते १०३ वयाच्या १५६ जणांना तपासलं. वयाबरोबर बुद्धीच्या कसोट्यांत जो फरक पडत जातो, तो जवळपास सगळाच दृष्टी आणि श्रवण यांच्याशी बांधलेला निघाला. माझ्या बाजूचाच पुरावा वाटला. पण त्यांच्यापैकीच काहींनी २००१ मध्ये उलट तपासणी केली. तिशी ते पन्नाशीच्या निरोगी माणसांना मुद्दाम कमी दिसेल, कमी ऐकू येईल असं करून त्याच कसोट्या दिल्या. त्यांचे गुण फारसे पडले नाहीत. म्हणजे 'प्रश्नपत्रिका दिसली नाही म्हणून नापास' एवढंच हे प्रकरण नसावं. डोळा आणि मेंदू एकत्र म्हातारे होत असतील, एकाच दुखण्यानं, एकाच रक्तवाहिन्यांच्या झिजेनं. डोळ्याचा पडदा गर्भात मेंदूच्याच ऊतीपासून तयार होतो. मेंदूचं बाहेर आलेलं टोकच ते. ब्रिटनच्या यूके बायोबँकेतल्या हजारो लोकांच्या डोळ्यांचे स्कॅन बघून २०१८ मध्ये असं दिसलं की पडद्यावरचा मज्जातंतूंचा थर ज्यांचा पातळ, त्यांची बुद्धीच्या कसोट्यांतली कामगिरीही कमजोर, आणि पुढं घसरण्याची शक्यता जास्त. आणि ह्याच्या नेमकी उलट चूकही होते: अल्झायमरचा एक प्रकार मेंदूच्या मागच्या, बघण्याच्या भागापासून सुरू होतो. ती माणसं चष्म्यामागून चष्मे बदलत बसतात, डोळे निर्दोष असतात.

म्हणजे नानांचं काय होतं? नजर गेली म्हणून मन मागं हटलं, की मन आधीच निघालं होतं आणि नजरेनं ते झाकलं, की दोघं हातात हात घालून चालले होते? मी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तिन्ही थोडं थोडं असेल. पण दुरुस्त होण्यासारखं त्यात एकच होतं, ते केलं." मला हे उत्तर तेव्हा आवडलं नाही.

२०२४ मध्ये लॅन्सेटच्या आयोगानं डिमेन्शियाच्या टाळता येण्यासारख्या कारणांची यादी १४ वर नेली आणि उपचार न केलेल्या दृष्टिदोषाचं कारण त्यात पहिल्यांदा घातलं. सगळी १४ कारणं मिळून सुमारे ४५ टक्के. त्यात ह्या एकट्याचा वाटा २ टक्के. दोन! नाना असते तर म्हणाले असते, बाकी दोन. पण आपल्याकडं साठीवरच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे ८८ लाख माणसांना, डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे, आणि पन्नाशीवरच्या अंधत्वामागं सगळ्यात मोठं कारण अजून मोतीबिंदूच आहे. वीस मिनिटांत निघणारा. आमच्या गावभागातच अजून किती वाडे आपापल्या म्हाताऱ्यांना सांभाळून घेत असतील, कुणाला कळू न देता.

('नाना असते तर' असं वर लिहिलंय. नाना आहेत. आतल्या खोलीत झोपलेत. हात असं लिहून गेला, खोडत नाही.)

---

गेल्या वर्षी नोव्हेंबरात परत तीच परीक्षा. ती मुलगी आता तिथं नाही, तिच्या जागी एक लाजरा मुलगा होता. नानांनी कार्ड हातात घेतलं, "डोळे मिटा" असं मोठ्यानं वाचलं आणि मिटले. मिटूनच बसले, "उघडा आता" म्हणेपर्यंत. घड्याळाला घड्याळ म्हणाले, पेन्सिलीला पेन्सिल. पंचकोनांचा कागद पुढं आला तेव्हा त्यांनी बाह्या सारल्या. जुन्या वळणाच्या सरळ, ठाम रेघा. दहाच्या दहा कोपरे, आणि दोघं जिथं एकमेकांत घुसतात तिथं स्वच्छ चौकोन. मुलगा "वा, आजोबा!" म्हणाला.

"आता शंभरातून सात वजा करत जा."

"त्र्याण्णव," नाना म्हणाले. "शहाऐंशी. एकोणऐंशी."

मग थांबले. मी मनात बाहत्तर म्हटलं. इतक्या जोरात म्हटलं की त्यांना ऐकू जाईल असं वाटलं. नाना त्या मुलाकडं बघत होते, खांद्यापलीकडं नव्हे, थेट तोंडाकडं.

"हे कुणाच्या खात्यावरचं?" त्यांनी विचारलं.

मुलानं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीकडं. खोलीत अकराचं ऊन होतं, उजेडाची काही अडचण नव्हती. नाना जरा वेळ वाट बघून माझ्याकडं वळले, आणि दहा फुटांवरून, एका डोळ्यानं, मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळत म्हणाले, "पदराला हळद लागलीय बघ तुझ्या."

लागली होती. नखाएवढी.